मार्चअखेरच्या आठ खाटा

मार्च लागला की माझ्या डाव्या हाताची करंगळी ठणकायला लागते. डॉक्टर म्हणतात, मोडून जुळलेलं हाड थंडीत दुखतं. माझं उन्हात दुखतं, त्याला मी काय करू? कडुनिंबाला मोहर येतो, गच्च्यांवर बायका कुरडया घालायला लागतात, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि माझी करंगळी जागी होते. सून कोषागारात नोकरीला आहे. या दिवसांत ती उशिरा घरी येते आणि चपला काढता काढता म्हणते, "बाबा, मार्च एंडिंग." मी मान डोलावतो आणि तिच्यासाठी माठातलं पाणी ओतून ठेवतो.

वऱ्हाडात ऋतू तीन असले तरी कचेरीत चौथा असतो. तो फेब्रुवारीच्या शेवटी लागतो आणि एकतीस मार्चला संपतो. वर्षभर घोरत पडलेला सरकारी पैसा त्या महिन्यात खडबडून उठतो. चार वर्षं फुटकी असलेली काच बसते, कोणी न मागितलेल्या टेबलाला नवं कापड येतं. अबकारी म्हणजे दारू-अफूवर लक्ष ठेवणाऱ्या खात्याच्या माणसांचं धाडीचं पेट्रोल उरलेलं असतं, म्हणून मोहाच्या भट्ट्याही नेमक्या मार्चमध्येच सापडतात. नाल्याकाठच्या बायकांना हे पंचांग पाठ होतं. पळस फुलला की त्या हंडे जमिनीत पुरायच्या. तरी मार बसायचाच. मी एका धाडीत पंचनामा लिहायला गेलो होतो. एका म्हातारीच्या पोटावर शिपायाने लाथ घातली, आणि ती उठून बसत त्याला म्हणाली, "बाप्पा, तुहं पेट्रोल आज संपते का उद्या, तेवढं सांग." मी ते लिहून घेतलं नाही. पंचनाम्यात तशी जागा नसते.

माझ्या कचेरीचं नाव मी सांगणार नाही. माणसं गेली, पण त्यांची नातवंडं आहेत, आणि ती चांगली आहेत. पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी तेवीस वर्षांचा, मॅट्रिक होऊन चिकटलेला नवा कारकून. आमच्या वस्तीत खुर्चीवर बसून पगार घेणारा मी पहिला. अमरावतीपासून चांदूर रेल्वेपर्यंत पसरलेल्या आमच्या गोतावळ्यात माझ्या टेबलाची वर्णनं व्हायची. त्याला तीन खण आहेत हेसुद्धा लोकांना ठाऊक होतं. कचेरीत मात्र माझ्या हातून शाई सांडायची वाट बघणारी माणसं होती. शाई मी सांडली तर ती माझ्या एकट्याची राहणार नाही, साऱ्या वस्तीच्या तोंडावर उडेल, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी नियमाची पुस्तकं उशाशी घेऊन झोपायचो. त्या वयात मला माझ्या स्वच्छ हातांचा फार गर्व होता.

मला लहानाचं मोठं केलं ते माझ्या मामाने. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठाला, त्याची दोन खोल्यांची जागा होती. नाव गणपत, पण सारे त्याला पहिलवान म्हणायचे. जिनिंग-प्रेसमध्ये तो रुईच्या गाठी पाठीवरून वाहायचा. एकदा थप्पीवरची गाठ सुटली आणि त्याच्या कमरेवर बसली. तीन महिने तो पालथा पडून होता. कोण्या वैद्याने वाटाण्याएवढी अफू दिली आणि मामा उठून चालायला लागला. तेव्हापासून अठरा वर्षं अफूच्या जोरावर त्याने गाठी वाहिल्या आणि त्या गाठींच्या जोरावर मला शिकवलं. छप्पनच्या दसऱ्याला तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. दारू त्याच दिवशी सोडली, पुन्हा वासही घेतला नाही. अफूवरून कोणी टोचलं तर म्हणायचा, "दारू मी चैनीसाठी पेत होतो, सोडली. हे चैन नोहे. हे माह्या पाठीचं तेल हाय."

तेव्हा अफू सरकारी दुकानात मिळायची. खाणाऱ्याचं नाव वहीत, त्याच्याजवळ कार्ड, कार्डावर महिन्याचं माप. दर वर्षी माप थोडं कमी व्हायचं. मग दिल्लीहून ठरून आलं की आता हे खाणं देशातूनच संपवायचं. आमच्या भागातली दुकानं एक एप्रिलला बंद करायची. हेतू वाईट होता असं मी आजही म्हणणार नाही. पण दिल्लीला ठरलेली गोष्ट आमच्याकडे उतरायची ती चार तुकडे होऊन. दुकान बंद करणं अबकारीचं, बंदोबस्त पोलिसांचा, माणूस सोडवणं दवाखान्याचं, आणि पैसा ज्याचा त्याच्या वेगळ्या हेडखाली, म्हणजे खर्चाच्या वेगळ्या सदराखाली. चौघांना जुळवायला साहेबांच्या खोलीत समिती बसायची. तिचं टिपण मी लिहायचो.

काय बैठका होत्या त्या! पंखा वर गरगरायचा आणि खाली भांडणं. पोलिसांकडे ट्रक होता, पण त्याच्या पेट्रोलची तरतूद अबकारीच्या हेडात. अबकारीकडे पेट्रोल होतं, पण डॉक्टर नव्हता. डॉक्टर म्हणायचे, मी आहे पण खाट नाही. अबकारीचे साहेब एकदा टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "माझ्या पैशावर तुमचा ट्रक पळतो आणि पकडल्याचा आकडा तुम्ही लावता!" एक भट्टी फोडली की ती दोन्ही खात्यांच्या अहवालात फुटायची. अफू खाणारा माणूस मात्र कोणाच्याच हेडात बसत नव्हता. त्या खोलीत कोणी कोणाला हात लावला नाही, पण नंतर जे हात उठले ते तिथूनच उठले असं मला वाटतं.

तरी एक चांगली गोष्ट ठरली. डॉक्टरांनी सांगितलं, थोडं खाणारे घरीच कण्हत-कुंथत बरे होतील. पण ज्यांचं माप मोठं आणि वय झालेलं आहे, त्यांचं एकदम तोडलं तर ते मरतील. अशा आठ जणांची यादी झाली. त्यांच्यासाठी दवाखान्यात एक खोली, आठ खाटा, एक कंपाउंडर आणि मात्रा उतरवत न्यायचं औषध, एवढा पैसा मंजूर झाला. यादीत मामाचं नाव आलं तेव्हा मी त्याच संध्याकाळच्या गाडीने अकोल्याला गेलो आणि त्याला सांगितलं. मामा हसला. "म्हणजे सरकार मले खाटेवर झोपवून, औषध पाजून सोडवन? काहून रे, तुह्या सायबाले माह्या पोटाची येवढी काळजी?" मी म्हणालो, "मामा, तेवढ्यासाठीच त मी तठी बसून राहिलो." मामीने त्या रात्री पुरण घातलं.

खाटा बाजारातून घ्यायच्या नाहीत, तुरुंगाच्या कारखान्यातून घ्यायच्या, असा नियम. मागणी जानेवारीत गेली. फेब्रुवारी गेला, शिमगा आला, खाटा आल्या नाहीत. तुरुंगातून उत्तर आलं, लोखंड नाही. माल आल्याशिवाय बिल नाही, आणि एकतीस मार्चपर्यंत बिल झालं नाही तर पैसा बुडतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात हेडक्लार्क दिगंबरपंतांनी मला बोलावलं. पंत जुने, पान खाणारे, सगळ्या गल्ल्या माहीत असलेले. "वानखडे," ते म्हणाले, "खाटा पोहोचल्याची पावती करा. मी तुरुंगाच्या बाबूशी बोलतो. बिल काढून पैसा तिकडे जमा करून ठेवू. एप्रिलमध्ये खाटा येतील, खोली उघडेल, कोणाचं काय जातं?"

"पण खाटा आलेल्या नाहीत."

"म्हणून तर पावती करायची."

"खोट्या पावतीवर सही माझी राहील, पंत."

पंतांनी पान गालात सरकवलं. ते हलकट होते असं मी तेव्हा समजत होतो. "सही तुमचीच लागते," ते म्हणाले, "ते टेबल तुमचं आहे. पण त्या आठांत तुमचंही कोणी आहे ना? विचार करा." मला वाटलं, हा मला फासात अडकवतोय. उद्या चौकशी झाली तर लोक म्हणतील, बघा, खुर्ची दिली तर पहिल्याच वर्षी खोटी पावती, तीही मामासाठी. मी तडक टेबलावर आलो. नियमाच्या पुस्तकात स्पष्ट होतं, खर्च होणार नसेल तर पैसा वेळेत परत करावा. खुर्च्यांचे, कपाटांचे पैसे मार्चमध्ये परत जाऊन एप्रिलमध्ये पुन्हा आल्याचं मी जुन्या फायलींत पाहिलं होतं. खाटांचेही तसेच येतील असं मी धरून चाललो. चार दिवस उशीर, एवढंच. पत्र लिहिलं, साहेबांची सही घेतली, पैसा परत केला. साहेबांनी माझी पाठ थोपटली. "न खर्चलेल्या पैशाचं इतकं वेळेवर समर्पण या कचेरीत पहिल्यांदा होतंय," ते म्हणाले. घरी जाताना मी शीळ घालत होतो, हे मला आठवतं आणि माझा मलाच गळा दाबावासा वाटतो.

खुर्ची दर वर्षी लागते, म्हणून तिचा पैसा परत येतो. ती खोली नवी होती. नव्या कामाचा पैसा परत गेला की वर असा अर्थ लावतात की गरजच नव्हती. हे मला ठाऊक नव्हतं. पंतांना ठाऊक होतं. मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मी विचारलं नाही.

दुकान बंद करण्याचा हुकूम दुसऱ्या खात्याचा. तो एक दिवसही हलला नाही. एक एप्रिलला मी रजा काढून अकोल्यात होतो. जुन्या शहरातल्या दुकानासमोर सकाळी नऊलाच गर्दी झाली होती. म्हातारे हमाल, विणकर, दोन फकीर, एक पेन्शनीतला मास्तर. नाकं गळताहेत, जांभयांवर जांभया, अंगावर काटा. दाराला कुलूप आणि लाखेचा शिक्का. मास्तर दारावर नुसता तळहात थापटत होता. मग कोणीतरी फरशीचा तुकडा उचलला. दुसरा तुकडा दारावर बसला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी ट्रक थांबला. पोलिसांच्या काठ्या नव्या होत्या, तेल पाजलेल्या. बंदोबस्ताचा पैसा वेळेवर आला होता. ती ओळ मीच टिपणात लिहिली होती.

अफू उतरलेला माणूस पळू शकत नाही. त्याचे पाय वळतात. ते जागच्या जागी मार खात राहिले. काठी हाडावर बसल्याचा आवाज कोरडा असतो, आणि मांसावर बसल्याचा ओला. मास्तराचा चष्मा आधी पडला, मग मास्तर. मामा दोन्ही हात डोक्यावर घेऊन उभा राहिला आणि ओरडला, "अरे, मी चोर नाई! माह्याजवळ कार्ड हाय!" त्याने खिशातून कार्ड काढून वर धरलं. काठी त्याच हातावर बसली, दुसरी कानावर. कान फाटून लोंबला. मी धावत गेलो आणि म्हणालो, मी सरकारी नोकर आहे. शिपाई म्हणाला, "मंग घरी घेऊन जा तुह्या पहिलवानाले." मी त्याला खांद्यावर टाकून आणलं. लहानपणी त्याने मला जत्रेत असंच उचललं होतं. तेव्हा ओझं मी होतो, आता तो होता.

चोरून विकणारेही त्या आठवड्यात मिळेनात. धाडीचा पैसाही वेळेवर आलेला. मामीने पायातले चांदीचे वाळे हातात घेऊन सारी गल्ली पालथी घातली, पण कोणी दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी मामाचे जुलाब सुरू झाले. पोटात पाय घेऊन तो जमिनीवर टाचा घासायचा, इतक्या की टाचांची साल निघाली. दुपारी उठला आणि रांजण फोडला. मग चूल लाथाडली. ज्या माणसाने मामीला जन्मात बोट लावलं नव्हतं, त्याने मुसळ उचललं. "देतं का नाई? लपवून ठेवलं तू, मले मालूम हाय!" मुसळ तिच्या गळ्याखालच्या हाडावर बसलं. हाड मोडल्याचं मला दारातून ऐकू आलं. मी त्याला मागून धरलं, त्याने माझा हात तोंडात धरला आणि करंगळी मोडेपर्यंत सोडला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. रडत रडत चावत होता.

मी तसाच, हाताला फडकं बांधून, गाडीने कचेरीच्या गावी दवाखान्यात गेलो. व्हरांड्यात आठ लोखंडी खाटा एकावर एक रचलेल्या होत्या. नवा रंग, पायांवर तुरुंगाचा छाप. आदल्या दिवशी आल्या होत्या. डॉक्टर माझ्याच समितीतले. त्यांनी माझी करंगळी बांधली आणि बोलले तेव्हा त्यांचा आवाज चढला. "खाटा घेऊन काय करू? कंपाउंडर नाही, औषध नाही, पैसा परत गेला. वर तार केली तर उत्तर आलं, तरतूद रद्द. जनरल वॉर्डात घेतला तर बांधून ठेवावा लागेल. तेवढं तुम्ही घरीसुद्धा करू शकता." मग खालच्या आवाजात म्हणाले, "कोणी परत केला हो तो पैसा?" मी म्हणालो, "कचेरीतून गेला असेल." सरळ माणसाची ती पहिली लबाडी.

घरी आलो आणि मामीला सांगितलं, डॉक्टर म्हणतात बांधा. बाजेची दोरी सोडून तिने ती हातात घेतली. तिचा एक हात गळ्यात बांधलेला होता. दुसऱ्या हाताने आणि दातांनी तिने गाठी मारल्या. मी पाय धरले. मामा आधी शिव्या देत होता, मग तिला आई म्हणायला लागला. "आई वं, सोड. आई, मी करनार नाई." तिसऱ्या दिवशी तो शांत झाला. मामी मोर्णेवरून पाणी आणायला गेली आणि मी ओसरीवर डुलकी घेतली. दुपारी, ऊन सरळ डोक्यावर असताना, उताणा बांधलेल्या मामाला ओकारी झाली. त्याला मान वळवता आली नाही. मामी आली तेव्हा घागर तिच्या हातातून पडली, त्या आवाजाने मला जाग आली.

मे महिन्यात समिती बसली. अबकारीने सांगितलं, दुकानं बंद झाली. पोलिसांनी सांगितलं, बंदोबस्त समाधानकारक. डॉक्टर कागद चाळत राहिले. साहेबांनी पुढच्या वर्षाच्या तरतुदी वाचल्या आणि अफूसाठीच्या खोलीसमोर "मागणी नाही" असं मला लिहायला सांगितलं. मी लिहिलं. बाहेर आल्यावर पंतांनी माझ्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं आणि पानाचा डबा पुढे केला. मी पान खात नव्हतो, त्या दिवशी घेतलं.

गल्लीत मामीला नाव पडलं, नवऱ्याला बांधून मारणारी. नळावर बायका ऐकू जाईल असं बोलायच्या. ती भांडत नसे, उलट स्वतःच सांगायची, "हो बाई, मीच बांधलं." त्यानंतर तिने कशालाही गाठ मारली नाही. शेळी मोकळी सोडायची. शेळी लोकांचं वाळवण खायची, लोक शेळीला दगड मारायचे, मामी मध्ये उभी राहून ते दगड अंगावर घ्यायची. दर महिन्याला मी पैसे द्यायला जायचो. दर वेळी ठरवून जायचो की आज सांगायचं. तिच्या हातचं जेवून, न सांगता परत यायचो. अशी किती वर्षं गेली? साठचं दशक निम्मं उलटलं, मी हेडक्लार्क झालो. खोट्या पावतीला बळी न पडणारा माणूस म्हणून नव्या पोरांना माझं उदाहरण देत असत.

शेवटी सांगितलं तेही मार्चमध्येच. ती उन्हात बसून तूर पाखडत होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "येक इचारू? मी नसतं बांधलं त वाचला असता का रे तो?"

मग माझ्याच्याने राहवलं नाही. खाटा, पावती, पंत, पत्र, पाठीवरची थाप, सगळं सांगितलं. म्हणालो, "मामी, त्याले तू नाई मारलं. मी मारलं. त्याची खाट येऊन पडली होती. मी माही सही वाचवली." मी मान खाली घातली. ती सूप फेकून मारेल, थुंकेल, हाकलून देईल, याची मी वाट पाहत होतो. इतक्या वर्षांत मला दुसरं काही नकोच होतं.

सूप थांबलं होतं. ते खाली ठेवत ती म्हणाली, "आठ खाटा म्हनतं तू?"

"हो."

"मंग बाकीचे सात कोन होते?"

मी वर पाहिलं. ती खरंच विचारत होती. "त्याईच्या बायकाईनं काय केलं असन रे? त्याईनंबी बांधलं असन का?" एवढी वर्षं ती एकटीच होती, आणि आता ऐकत होती की आणखी सात दारं होती. ती उठली, पदर खोचला, चपला शोधायला लागली. "कोठी राह्यतात त्या? नावं सांग त्याईची. मले जाऊ दे."

ती यादी मीच लिहिली होती, माझ्याच वळणदार अक्षरात, दोन प्रतींत. दारात चपला घालून उभ्या असलेल्या मामीसमोर मी आठवू लागलो. मला एकच नाव आठवलं.